हरवलेल्या मुलाचा प्रथमपुरुष

‘हरवणे’ हे मराठीतले मोठे सोयीचे क्रियापद आहे. ‘छत्री हरवली’ म्हटले की जणू छत्रीच आपणहून कुठे निघून गेली. ‘त्याने छत्री हरवली’ म्हटले की दोष माणसाच्या पदरात पडतो. मुलाच्या बाबतीत आपण जवळजवळ नेहमी पहिलेच रूप वापरतो : ‘पोरगं हरवलं.’ कुणी हरवलं, कुणापासून हरवलं, की मार चुकवायला ते आपल्या पायांनी निघून गेलं, यातले काहीच हे वाक्य सांगत नाही. पोलिसांच्या दप्तरात शब्द बदलतात. तिथे ‘मिसिंग दाखल’ होते, किंवा ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ असे लिहिले जाते. शब्द कोणताही असो, बोलणारा नेहमी दुसराच असतो. ते मूल वाक्याचा कर्ता असेल, कर्म असेल. वक्ता मात्र नसते.

हरवलेल्या आणि शोषणाला बळी पडलेल्या मुलांसाठी गेल्या शंभर वर्षांत ज्या आंतरराष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या जन्मकथा मी काही वर्षे जमवून वाचतो आहे. फुलसावंगीला बसून हे करायचे म्हणजे अहवाल, कायदे, न्यायालयांचे निकाल आणि वर्तमानपत्रे यांवरच भिस्त. समीक्षेची एखादी चौकट मला कुणी शिकवलेली नाही. शाळेतले व्याकरण तेवढे जवळ आहे. म्हणून प्रस्तुत लेखात मी व्याकरणातले तीन पुरुषच हाताशी घेतो. माझे म्हणणे थोडक्यात असे : संस्थेची जन्मकथा हा एक वाङ्मयप्रकार आहे, आणि त्या कथेत मूल कोणत्या पुरुषात येते यावर ती संस्था पुढे काय पाहणार आणि काय तिच्या नजरेतून सुटणार, हे बऱ्याच अंशी ठरते.

१. तृतीयपुरुष : ‘तो’ आणि त्याचे छायाचित्र

आधुनिक बालरक्षणाची सुरुवात छायाचित्राने होते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-जर्मनीतली मुले उपासमारीने मरत होती. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात एका भुकेल्या मुलाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली. त्याबद्दल त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था निघाली. जेबबाईंनी मांडलेला बालहक्कांचा पाच कलमी जाहीरनामा राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये जिनिव्हात स्वीकारला. मुलाचे सर्व प्रकारच्या शोषणापासून रक्षण झाले पाहिजे, ही गोष्ट त्यात आली. त्याआधी १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने स्त्रिया आणि मुले यांच्या व्यापाराविरुद्ध करार केला होता.

१९२४ हेच साल आपल्याकडेही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्द येथील बालगृहांचा इतिहास इथूनच येतो. पण या व्यवस्थेचे आपल्या भाषेत काय झाले ते पाहा. ‘ऐकलं नाहीस तर रिमांड होममध्ये टाकीन’ हे वाक्य पिढ्यान् पिढ्या मराठी घरांत बोलले गेले. ज्या घराने मुलाला आसरा द्यायचा, त्याचेच नाव भीती घालायला वापरले गेले. संस्था मुलाविषयी बोलत राहिली, घरची माणसे संस्थेविषयी बोलत राहिली, आणि मूल दोघांचे ऐकत राहिले.

‘हरवलेले मूल’ हा स्वतंत्र विषय म्हणून जगापुढे आला तो अमेरिकेतून. २५ मे १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये इटन पॅट्झ हा सहा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच एकटा शाळेच्या बसकडे निघाला आणि परत आला नाही. त्याचे वडील व्यवसायाने छायाचित्रकार होते. घरात त्याची उत्तम छायाचित्रे होती, आणि तीच देशभर गेली. जुलै १९८१ मध्ये फ्लोरिडातल्या एका दुकानातून ॲडम वॉल्श हा सहा वर्षांचा मुलगा पळवला गेला. पुढे त्याची हत्या झाल्याचे उघड झाले. त्याच्या आईवडिलांनी देश पिंजून काढला. १९८२ मध्ये बेपत्ता मुलांविषयी कायदा झाला, १९८३ मध्ये ॲडमवर दूरचित्रवाणीपट आला, त्याच वर्षापासून २५ मे हा बेपत्ता मुलांचा दिवस पाळला जाऊ लागला, आणि १९८४ मध्ये बेपत्ता व शोषित मुलांचे राष्ट्रीय केंद्र उघडले. त्याच वर्षी आयोवा राज्यात वर्तमानपत्रे टाकणाऱ्या दोन बेपत्ता मुलांची छायाचित्रे दुधाच्या खोक्यांवर छापली गेली. पाहता पाहता ही प्रथा देशभर पसरली. सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर रोज एक हरवलेले मूल येऊन बसू लागले.

या कथेचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. दोन घरांच्या दुःखाने एका मोठ्या देशाचे पोलीस खाते हलले. पण कथेचा साचाही लक्षात घेतला पाहिजे. मूल लहान, निरागस, सुस्थित घरातले, पळवणारा अनोळखी, बोलणारे आईबाप, ऐकणारा देश. साच्यात न बसणारी मुले त्यामुळे बाहेर राहिली. १९८५ मध्ये ‘डेन्व्हर पोस्ट’ने आकड्यांची छाननी केली. बेपत्ता म्हणून नोंदलेली बहुसंख्य मुले एक तर घरातून पळालेली होती, नाही तर आईबापांच्या ताब्याच्या भांडणात एकाने दुसऱ्यापासून नेलेली होती. अनोळखी माणसाने पळवलेली मुले त्या मानाने फार थोडी होती. या लेखनाला १९८६ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. छायाचित्र खोटे नव्हते. त्यावरून देशाने काढलेला अर्थ चुकीचा होता. खोक्यावरचा मुलगा आपल्याकडे बघत असतो, पण तो का गेला हे विचारायची सोय त्या खोक्यावर नसते.

या अमेरिकी केंद्राच्या पुढाकारातून १९९८-९९ मध्ये बेपत्ता व शोषित मुलांचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे राहिले. त्यामागे तिकडच्या अनुभवाइतकाच बेल्जियममधला एक उन्हाळा होता. त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या भाषेकडे येऊ.

२. द्वितीयपुरुष : ‘जिथे असशील तिथून ये’

दुधाच्या खोक्यावरचा मजकूर वाटसरूला उद्देशून असतो : याला कुठे पाहिलेत काय? मराठी वर्तमानपत्रातली ‘हरवला आहे’ची जाहिरात सुरुवातीला तसेच बोलते. वय, रंग, उंची, अंगात कोणता सदरा, उजव्या हातावर गोंदण. मग मध्येच ती वळते आणि थेट मुलाशी बोलू लागते. आई आजारी आहे, अन्न घेत नाही. कोणी रागावणार नाही. जिथे असशील तिथून निघून ये. खाली कोणा काकाचे किंवा मामाचे नाव. मराठी वाचकाने हा मजकूर शेकडो वेळा वाचलेला आहे. मला तो एक स्वतंत्र लेखनप्रकार वाटतो, आणि त्याची समीक्षा कुणी केलेली माझ्या वाचनात नाही.

या द्वितीयपुरुषात एक कबुली दडलेली असते. ‘कोणी रागावणार नाही’ असे लिहिणाऱ्या घराला पक्के ठाऊक असते की कोणी तरी रागावले होते. पोलिसांत ‘अज्ञात इसमाने’ म्हणून सांगितलेली गोष्ट जाहिरातीत तीनच शब्दांत पालटते. मूल हरवलेले नाही, गेलेले आहे. आणि ते का गेले हे घराला माहीत आहे. आईच्या आजारपणाची बातमी खरी असेल किंवा नसेल, पण ती मुलाला दिलेली हाक आहे. हाकेत माया असते, तसा हुकूमही असतो. तिला उत्तर द्यायला मात्र मुलाकडे परत येण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो.

यात्रेतला ध्वनिक्षेपक हे याच पुरुषाचे दुसरे रूप. आमच्या भागातला माणूस माहूरला जातो, पंढरीला जातो. तिथे दिवसभर नावे पुकारली जातात. अमक्या गावचे अमके, तुमचा मुलगा चौकीपाशी बसला आहे. या व्यवस्थेत हरवणे तासाभराचे असते आणि गाव सांगता आले की संपते. हिंदी चित्रपटाने हीच कल्पना वीस वर्षांपर्यंत ताणली. ‘यादों की बारात’ (१९७३), ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) यांतली भावंडे हरवतात, वेगळी वाढतात आणि गाण्यावरून, खुणेवरून भेटतात. गर्दीत वेगळे झालेले मूल शेवटी आपल्याच रक्ताकडे परतते, हा त्यांचा सिद्धांत. ज्या घरातून मूल पळाले त्याच घरात त्याला परत पाठवावे का, हा प्रश्न तिथे उपजतच नाही.

द्वितीयपुरुषाची एक थोर परंपरा आपल्याकडे आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि त्याची भित्तिपत्रके लावली. ती समाजाला उपदेश करणारी नव्हती. अडचणीत सापडलेल्या विधवेशीच ती बोलत होती : इथे ये, गुपचूप बाळंत हो, मूल न्यायचे की ठेवायचे ते तू ठरव. पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकरांनी सुरू केलेला अनाथ बालकाश्रमही त्याच वाटेवरचा. जाहिरातीतल्या हाकेत आणि या हाकेत फरक आहे. तिथे ‘ये’ म्हणताना घराची गरज बोलते, इथे ऐकणाऱ्याची. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

३. एकाच वर्षातले दोन खटले

१९९६ हे या इतिहासातले मोठे विलक्षण वर्ष आहे. त्या वर्षी १३ ऑगस्टला बेल्जियममध्ये मार्क दुत्रू याला अटक झाली. दोन दिवसांनी त्याच्या तळघरातून दोन मुली जिवंत सुटल्या आणि आणखी दोन दिवसांनी आठ वर्षांच्या दोन मुलींचे मृतदेह मिळाले. त्या उपासमारीने मेल्या होत्या. त्या आत कोंडलेल्या असताना पोलीस त्या घराची झडती घेऊन गेले होते, मुलांचे आवाज आले तरी बाहेरचे समजून परतले होते. ऑगस्टच्या अखेरीस स्टॉकहोमला मुलांच्या व्यापारी लैंगिक शोषणाविरुद्ध पहिली जागतिक परिषद भरली. तिला १२२ देशांची सरकारे होती. ही परिषद घडवण्यात ‘एक्पॅट’चा मोठा वाटा होता. १९९० मध्ये थायलंडमध्ये जन्मलेली ही चळवळ आशियात येणाऱ्या परदेशी पर्यटकांकडून होणाऱ्या मुलांच्या शोषणाविरुद्ध होती. २० ऑक्टोबरला ब्रुसेल्समध्ये सुमारे तीन लाख लोक पांढरे कपडे, पांढरी फुले, पांढरे फुगे घेऊन रस्त्यावर आले. मुलींच्या आईवडिलांच्या आग्रहातून १९९८ मध्ये ‘चाइल्ड फोकस’ ही संस्था निघाली आणि २००१ मध्ये युरोपातल्या अशा संस्थांचा महासंघ झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस कोल्हापुरात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, पकडल्या गेल्या. १९९० पासून गर्दीच्या ठिकाणांहून त्यांनी १३ मुले पळवल्याचा आणि त्यांतल्या नऊ जणांना मारल्याचा आरोप होता. चोरी करताना कडेवर मूल असले की संशय येत नाही, आणि पकडले गेल्यास मुलाला पुढे करून सुटता येते, हा त्यामागचा हिशेब. मूल मोठे झाले, रडू लागले, ओझे झाले की त्याला संपवायचे. अंजनाबाई खटल्यापूर्वीच मरण पावली. दोघी बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली, आणि दयेच्या अर्जावरील विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली.

दोन्ही प्रकरणांत पळवलेली मुले, वर्षानुवर्षे न जुळलेली माहिती आणि हत्या आहेत. तरी बेल्जियममध्ये चळवळ झाली, संस्था झाली, पोलीस यंत्रणेची फेररचना झाली. महाराष्ट्रात काय झाले? आपल्याकडे गोष्ट झाली. ती गेली जवळजवळ तीस वर्षे सांगितली जाते आहे : क्रूर आई, क्रूर मुली, बाईच्या जातीला काळिमा. या विषयावरचे मिळेल ते मराठी लेखन मी वाचले. त्यात बहुतेक ठिकाणी तिघी बायका नावानिशी, स्वभावानिशी उभ्या आहेत आणि मुले संख्येत आहेत. एखाद्या गावात मूल नाहीसे झाले तेव्हा पोलिसांनी काय लिहून घेतले, ते शेजारच्या जिल्ह्याला कळवले का, सहा वर्षे ही साखळी कुणाच्या लक्षात का आली नाही, हे प्रश्न त्या गोष्टीत जवळपास नाहीत. बेल्जियमने तळघराबाहेर उभ्या असलेल्या पोलिसाकडे पाहिले. आपण खुनी बाईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.

याचे एक कारण उघड आहे. पळवलेल्यांत भीक मागणाऱ्या बाईचे तान्हे मूलही होते. ज्या आईला पोलीस चौकीची पायरी चढता येत नाही, तिच्या दुःखाचा मोर्चा निघत नाही. २००६ च्या डिसेंबरात नोएडाजवळच्या निठारीतही हेच दिसले. कष्टकऱ्यांची मुले एकेक करून नाहीशी होत होती आणि तक्रारी कागदावर येत नव्हत्या. अखेर ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितले की बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवली पाहिजे आणि अपहरण झाले असे गृहीत धरूनच तपास झाला पाहिजे. या आदेशाने फार मोठे काम केले. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर तो तृतीयपुरुषाचाच विजय आहे. आता प्रत्येक मूल कायद्याच्या कागदावर ‘पळवलेले’ असते, आपल्या पायांनी गेलेलेसुद्धा.

४. प्रथमपुरुष : दस, नौ, आठ

आता त्याच १९९६ मधली तिसरी घटना. तिला मोर्चा नव्हता, खटला नव्हता, छायाचित्र नव्हते. जूनमध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रायोगिक प्रकल्प म्हणून ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रेल्वे स्थानकांवर आणि रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांमध्ये काम करीत. त्यांनी आपला घरचा फोन नंबर मुलांना दिला होता आणि मुले अडचणीत, अपरात्री, त्यावर फोन करीत. म्हणजे हेल्पलाइन ही कल्पना कागदावर येण्याआधी मुलांनी ती वापरायला सुरुवात केली होती. क्रमांक १०९८ ठरला. ‘दस-नौ-आठ’ असे उलटे मोजत म्हटले की न शिकलेल्या मुलाच्याही लक्षात राहते, ही युक्ती मुलांचीच. फोन फुकट हवा, आणि फोन आला की साठ मिनिटांच्या आत कुणी तरी मुलापर्यंत पोहोचले पाहिजे, हा दंडक. पोहोचणाऱ्यांत रस्त्यावर वाढलेली मोठी मुलेही होती.

१९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन झाले. २००० च्या बाल न्याय कायद्यात, मुलाला बालकल्याण समितीपुढे कोण हजर करू शकतो या यादीत, ‘चाइल्डलाइन’ हे नावच आले. एखाद्या स्वयंसेवी उपक्रमाचे नाव कायद्याच्या कलमात यावे, हे आपल्याकडे क्वचितच घडते. आणि २००३ मध्ये, मुंबईतल्या या अनुभवाच्या बळावर, बिलिमोरियांच्याच पुढाकाराने ॲमस्टरडॅमला ‘चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल’ स्थापन झाली. आज शंभराहून अधिक देशांतल्या हेल्पलाइन तिच्याशी जोडलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय संस्था तिकडे जन्मतात आणि इकडे शाखा उघडतात, असे आपण धरून चालतो. इथे प्रवास उलटा झाला. मुंबईच्या फलाटावरची गरज युरोपात जाऊन जागतिक संस्था झाली, आणि मराठी वाचकाला त्याची फारशी वार्ता नाही.

युरोपने २००७ मध्ये दोन क्रमांक राखून ठेवले. ११६००० हा बेपत्ता मुलांसाठी आणि ११६१११ हा मुलांच्या हेल्पलाइनसाठी. माझ्या मते या दोन क्रमांकांत या लेखाचा सारा मुद्दा आहे. पहिला मुख्यतः आईबाप फिरवतात : माझे मूल हरवले. दुसरा मूल फिरवते : मी इथे आहे. पहिल्यामागे ब्रुसेल्सचा पांढरा मोर्चा आहे. दुसऱ्याच्या पूर्वजांत मुंबईचा एसटीडी-पीसीओ बूथ. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. त्यात दोन्ही वाटा आहेत. चौतीस आणि पस्तीसाव्या कलमांत शोषण आणि अपहरण यांपासून संरक्षण. बाराव्या कलमात मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क. संस्थांनी पहिल्यावर भरपूर काम केले. बारावे कलम बरेचसे भाषणांसाठी राहिले.

चाइल्डलाइनच्या जन्मकथेचीही तपासणी केली पाहिजे. डेव्हिड बोर्नस्टाइन यांच्या २००४ च्या इंग्रजी पुस्तकामुळे ही कथा जगभर गेली, पण त्या पुस्तकाचा विषय सामाजिक उद्योजक हा आहे. साहजिकच नायक एक व्यक्ती होते आणि रात्री फोन करणारी मुले तिच्या कर्तृत्वाची पार्श्वभूमी बनतात. बिलिमोरियांचे काम मोठेच आहे. तरीही मला वाटते की ज्या कथेचा गाभाच ‘मूल बोलले’ हा आहे, ती सांगताना पुन्हा तृतीयपुरुषाकडे सरकावे, हे त्या वाङ्मयप्रकाराच्या सवयीचे लक्षण आहे.

मराठी वाचकाला मात्र हा प्रथमपुरुष नवा नव्हता. लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ चे, किशोर शांताबाई काळेंचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ चे. आपण ही पुस्तके जातीची, भटक्या समाजाची आत्मकथने म्हणून वाचली, आणि ते योग्यच होते. पण ती मुलांच्या शोषणाची साक्षही आहेत. कुणी काम करायला लावले, कुणी मारले, शाळा का सुटली, आई असून आई का मिळाली नाही, हे त्यांत ‘मी’ सांगतो. यांतले एकही मूल पोलिसांच्या अर्थाने हरवलेले नाही. जवळच माणसे आहेत, पाल आहे, तांडा आहे, आजोळ आहे. १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये कामाठीपुऱ्यात आलेला मुलगा पैसे देऊन आईला पत्र लिहून घेतो आणि ते पत्र आईपर्यंत पोहोचतच नाही. आपली आत्मकथने ही अशीच, तीस वर्षे उशिरा पोहोचलेली पत्रे होत. लिहिणारा तगला, शिकला, म्हणून ती पोहोचली. १०९८ ची कल्पना एवढीच होती की तोवर थांबावे लागू नये.

या फोनांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलांच्या हेल्पलाइनवर येणाऱ्या फोनांत न बोलता ठेवलेल्या फोनांचा वाटा मोठा असतो. चाइल्डलाइनने हे फोन चुकीचे म्हणून सोडून दिले नाहीत; ‘मूक फोन’ अशी त्यांची वेगळी नोंद ठेवली. समीक्षक म्हणून मला ही नोंद फार मोलाची वाटते. प्रथमपुरुष म्हणजे बोलणे एवढेच नव्हे. पलीकडे कुणी आहे की नाही याची चाचपणी करून फोन ठेवणे, हेही ‘मी’चेच वाक्य आहे.

५. जी मुले हरवतच नाहीत

‘बेपत्ता व शोषित’ हे दोन शब्द संस्थांच्या नावांत जोडीने येतात. जणू मूल आधी हरवते आणि मग त्याचे शोषण होते. आमच्या जिल्ह्यातून पाहिले की ही जोडी सुटी होते. झरी जामणी, पांढरकवडा या भागांतल्या कोलाम मुलींचा, ‘कुमारी माता’ म्हणून ओळखला जाणारा प्रश्न वर्षानुवर्षे विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत येतो आहे. ठेकेदार, व्यापारी, बाहेरून आलेली माणसे येतात आणि जातात; मुलगी आपल्याच पोडावर, आपल्याच झोपडीत असते. ती कुठेही हरवलेली नाही. तिचे छायाचित्र कोणत्या खोक्यावर येणार? आणि ‘कुमारी माता’ हा शब्दही पाहा. त्यात मुलगी आहे, बाळ आहे, फक्त पुरुष नाही. ‘हरवले’ या क्रियापदाने जे केले तेच या नामाने केले : करणारा पुसून टाकला.

दुसरे उदाहरण ऊसतोडीचे. पुसद, महागाव, उमरखेड तालुक्यांतल्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. सोबत मुले जातात. शाळेच्या हजेरीपटावर ती ‘स्थलांतरित’ होतात, फडावर ‘मजुराची पोरं’ असतात, आणि कोयता हाती आला की हिशेबात येतात. हजेरीपटावरून पाहिले तर ही मुले बेपत्ता आहेत. आईबापांकडून पाहिले तर डोळ्यांसमोर आहेत.

तिसरे उदाहरण सुस्थित मराठी घरांचे. मुलाला एका पालकाने दुसऱ्या देशात नेले तर परत पाठवण्याचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे अमेरिकेतून आईने किंवा बापाने पुण्याला आणलेले मूल आजीच्या अंगणात खेळत असते आणि तिकडच्या यादीत ‘बेपत्ता’ असते. इथे आजी म्हणते ‘घरी आलं’, तिथे बाप म्हणतो ‘पळवलं’. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात. तिसरे वाक्य मुलाचे, आणि ते न्यायालयालाही शेवटी विचारावे लागते.

या तिन्ही उदाहरणांत मूल कुठे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते त्याला काय सांगायचे आहे हे. शोध घेणारी संस्था इथे निरुपयोगी ठरते. ऐकणारी संस्था हवी असते.

६. पलीकडे कोण आहे?

२०२३ मध्ये १०९८ ची व्यवस्था बदलली. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्रीय योजनेखाली ती स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याकडून राज्यांच्या महिला व बालविकास विभागांकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. क्रमांक तोच राहिला. सरकारने जबाबदारी घेतली याचे स्वागत करावे असे बरेच काही त्यात आहे. मुलाचे रक्षण हे देणगीवर चालणारे काम असू नये. ते राज्याचे कर्तव्यच आहे. ११२ ची गाडी लवकर पोहोचते, हेही खरे.

माझी शंका गाडीविषयी नाही. आपत्कालीन क्रमांकाला घटना लागते : काय झाले, कुठे झाले, कुणी केले. या प्रश्नांची उत्तरे देता येणारे मूल आधीच बरेचसे वाचलेले असते. ज्याला अजून वाक्य जुळवता येत नाही, जे तीनदा फोन करून तीनदा ठेवते, त्याच्यासाठी पलीकडच्या माणसाकडे वेळ आणि तशी सवय लागते. घरातूनच पळालेल्या मुलाला तर पोलीस हा शब्दही परत पाठवणारा वाटतो. नव्या व्यवस्थेत मूक फोनांचे काय होते, त्यांची वेगळी नोंद राहते का, हा प्रश्न कुणी आमदाराने विचारला तर मी त्याला बालसाहित्य संमेलनाचा अध्यक्ष करायला तयार आहे.

आमच्याकडून रेल्वे गाठायची तर पैनगंगा ओलांडून हिमायतनगर किंवा किनवट. त्या मार्गावरून नंदीग्राम एक्स्प्रेस मुंबईला जाते. घरावर रागावलेले एखादे मूल कधी त्या गाडीत बसेल, आणि मागे राहिलेले घर ‘हरवलं’ म्हणेल, पोलीस ‘पळवलं’ लिहितील, काका ‘जिथे असशील तिथून ये’ असे छापतील. या तिन्ही वाक्यांची सोय आपण उत्तम केली आहे. चौथे वाक्य त्या मुलाचे. हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तांड्यांवरच्या टोळ्याही निघालेल्या असतील. त्या ट्रकमधल्या मुलांपैकी किती जणांना दस-नौ-आठ पाठ आहे, हे त्यांच्या शाळेत विचारून पाहण्यासारखे आहे.